सीडीचं खरेदीखत

कारखान्याच्या फाटकावर आमच्या सीडीचं वजन करायचं ठरलं, तेव्हाच मी परत फिरायला हवं होतं.

साताऱ्याच्या एमआयडीसीतला तो कारखाना औषधफवारणीचे पंप बनवत असे. आत येणारा प्रत्येक माल फाटकावरच्या वहीत चढवून घेण्याची तिथे शिस्त होती. मालाचं नाव, नग, वजन. फाटकावर फौजेतून निवृत्त झालेला एक पहारेकरी बसायचा. त्याने माझ्या हातातली चकती उलटसुलट केली, तिच्यात आपलं तोंड पाहिलं आणि विचारलं, "नग एक. वजन?"

"त्याला वजन नसतं हो," मी म्हणालो.

"आवं, ग्यासला बी वजन असतं. आमी सिलिंडर मोजून घेतो."

मग स्टोअरमधून तराजू आला. काटा हलला नाही. पहारेकऱ्याने वजनाच्या रकान्यात 'निरंक' असं लिहिलं आणि मला आत सोडलं. मल्टिमीडिया बनवणारे आम्ही आणि तो विकत घेणारी कंपनी यांच्यातला कागदोपत्री व्यवहार असा सुरू झाला.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातली. साताऱ्यात माझी टायपिंगची संस्था होती. टाइपरायटरांच्या रांगेशेजारी मी एक संगणक आणून ठेवला होता आणि त्यावर लग्नपत्रिका करून देत होतो. माझा भागीदार सांगलीचा. तो कराडला इंजिनिअरिंग करत असताना त्याची माझी ओळख झाली. पुण्यातली चांगली नोकरी नाकारून तो आईजवळ सांगलीत राहिला होता आणि दोन वर्षं खपून त्याने एक प्रोग्राम लिहिला होता. त्या प्रोग्रामात चित्रं घाला, आवाज घाला, मराठी मजकूर घाला; तो सगळं एकत्र बांधून पडद्यावर चालवायचा, आणि तेही जुन्या मंद संगणकावर. आवाज जसजसा पुढे जाई तसतसा पडद्यावरचा एकेक शब्द पिवळा होई. त्या काळात पडद्यावर मराठी अक्षर सरळ उभं करणं हीच कुस्ती होती. आज कुणाला त्याचं काही वाटणार नाही. तेव्हा लोक खुर्ची पुढे ओढून बघत.

कामाची वाटणी सोपी होती. तो बनवणार, मी माणसांशी बोलणार. त्याला माणसांशी बोलायचा कंटाळा होता, आणि मला वाटायचं की मला ते जमतं.

कारखान्याच्या मालकांना सगळे आबा म्हणत. शेतकरी घरातले, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, पंप दुरुस्त करता करता पंपाचे कारखानदार झालेले. शब्दाला पक्के. प्रदर्शनात लावायला आणि कारखान्याच्या शोरूममध्ये दाखवायला त्यांना पंपाची सीडी हवी होती. तोंडी ठरलं, सुपारी फोडली, आणि आम्ही कामाला लागलो. सीडीतला आवाज माझ्या या भागीदार मित्राच्या आईचा. दुपारी खिडक्या लावून, फटींत उशा कोंबून तो तिचा आवाज घ्यायचा. बाहेर भंगारवाला ओरडला की पुन्हा पहिल्यापासून.

सीडी पाहून आबा खूश झाले. मॅनेजर झाले नाहीत. हे मॅनेजर आधी कुठल्याशा सरकारी कचेरीत होते, आणि समोर आलेली गोष्ट जशीच्या तशी पुढे पाठवणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं.

"पंपाचा हिरवा रंग बुरसल्यासारखा दिसतोय," ते म्हणाले.

रंग बदलला. मग म्हणाले, "ह्या बाई बँकेतल्या वाटतात. आपलं गिऱ्हाईक बिचकंल." आवाज पुन्हा घेतला. मग पानं फार झरझर उलटतात. आबांना वाचायला वेळ लागतो. पानं सावकाश केली. पुढच्या खेपेला, "आता लय सावकाश झाली की वो. माणूस च्या पिऊन येईल." मग आबांचा फौजी गणवेशातला फोटो आला. तो पंपाच्या आधी की नंतर, यावर दोन बैठका झाल्या. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की फोटोतली मेडलं नीट दिसत नाहीत.

यातल्या प्रत्येक बदलाचा प्रवास मला आजही आठवतो आणि आजही माझं डोकं दुखतं. सीडी भरायचं यंत्र सांगलीत आमच्याकडे नव्हतं, साताऱ्यातही नव्हतं. मी साताऱ्याहून एसटीडी बूथवरून मित्राला बदल सांगायचो. तो ते करायचा. मग मी सांगलीला जायचो. तो संगणक उघडून आतली हार्ड डिस्क काढायचा, पंच्यात गुंडाळून माझ्या हातात द्यायचा. ती मांडीवर घेऊन मी एसटीने पुण्याला. एकदा कंडक्टर म्हणाला, "डब्यात कालवण असंल तर सरळ धरा, सांडलं तर शेजारचा भांडंल." पुण्यात सीडी भरून घ्यायची, डिस्क पुन्हा सांगलीला पोचवायची आणि सीडी घेऊन साताऱ्याला यायचं. फाटकावर पुन्हा तराजू. काटा हलायचा नाही, निरंक. आत मॅनेजर चष्मा पुसत बसलेले असायचे.

शेवटी मित्र वैतागला. फोनवर म्हणाला, "लिहून घे आता. बदल दोनदा, त्यापुढे नाही. आणि ऐक, प्रोग्राम माझा आहे, त्यांना फक्त त्यांची सीडी द्यायची. सही करायच्या आधी मला सगळं वाचून दाखव. फोनवर. सगळं."

"वाचतो रे," मी म्हणालो.

त्याने एका पानाचा इंग्रजी मसुदा करून पाठवला होता. तो मी आबांपुढे ठेवला. त्यांनी तो हातात घेतलासुद्धा नाही.

"इंग्रजी कागदावर म्या एकदाच सही केली," ते म्हणाले. "त्यानंतर जवानी सरंपर्यंत घरी आलो न्हाई. मराठीत करा. बाँडावर करा. आपला मानूस हाय कोर्टापाशी, त्याच्याकडं."

आबांचा माणूस म्हणजे दस्तलेखक. कोर्टाच्या कुंपणालगत, पत्र्याच्या आडोशाखाली त्याचं टेबल होतं. आबांच्या घराण्यातल्या सगळ्या जमिनींचे दस्त त्याच्या आणि त्याच्या वडिलांच्या हातचे. खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र. यापलीकडे जगात चौथा दस्त असेल असं त्याला वाटत नव्हतं. मी त्याला पाऊण तास मल्टिमीडिया समजावला. तो शांतपणे ऐकत होता. मग त्याने पेनाचं टोपण काढलं.

"म्हणजे मिळकत आहे आणि ती तुम्ही देताय."

"मिळकत म्हणजे तशी..."

"देताय का घेताय?"

"देतोय."

"मग खरेदीखत झालं. गहाण नाही ना? बोजा? बरं. चतुःसीमा सांगा. पूर्वेला काय?"

"अहो, सीडी गोल असते."

"असू द्या. चतुःसीमेशिवाय दस्त होत नाही. उद्या दुसरीच सीडी आणून कुणी म्हणालं हीच ती, तर ओळखायची कशी?"

खरं सांगायचं तर मला त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं वाटलं नाही. शिवाय मी थकलो होतो. मग मी पडद्यावरच्या मांडणीप्रमाणे सांगत गेलो. वर कंपनीचं नाव, खाली बटणांची पट्टी, डावीकडे पंपाचं चित्र, उजवीकडे मजकूर. त्याने सुवाच्य अक्षरात दिशा लिहिल्या. उत्तरेस कंपनीचे नाव, दक्षिणेस बटणे. आबा बाहेर जीपमध्ये दोन साक्षीदारांना घेऊन बसले होते. त्यांना कराडला कुणाच्या तरी बारशाला जायचं होतं, आणि ड्रायव्हर मधून मधून हॉर्न वाजवत होता.

"विहीर आहे का?" दस्तलेखकाने विचारलं.

इथे मी जे केलं ते अजून माझ्या मानेवर बसलेलं आहे. मला हसू आलं. दिवसभरात पहिल्यांदा काहीतरी गमतीचं घडत होतं, आणि मी त्या गमतीत सामील झालो. मी म्हणालो, "आहे की. हे सगळं माझ्या मित्राच्या एका प्रोग्रामावर चालतं. तो बंद तर सगळं कोरडं. तीच आमची विहीर."

त्याने मान हलवली आणि लिहिलं.

मग त्याचं नेहमीचं कलम आलं. ते त्याच्या हाताला इतकं पाठ होतं, की लिहिताना तो माझ्याकडे बघत होता. 'सदरहू मिळकत त्यातील मूळ प्रोग्रामरूपी विहिरीसह, तसेच जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप व तदंगभूत वस्तूंसह तुम्हांस कायम खूष खरेदी दिली असे. आता सदर मिळकतीवर आमचा अगर आमचे वालीवारसांचा कोणताही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही.' म्हणजे जमिनीतलं पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड, पुरलेलं धन आणि तिला चिकटून जे काही असेल ते सगळं. सीडीत गवत. मी पुन्हा हसलो. शेवटी त्याने माझ्या सांगण्यावरून 'घेणार यांस मिळकतीत दोन वेळाच दुरुस्ती करून मागता येईल' हे वाक्य घातलं. मी ते वाक्य तपासलं. तेवढ्याचसाठी तर मी आलो होतो.

एसटीडी बूथ रस्त्यापलीकडे होता. बाहेर चार-पाच माणसं उभी होती. हॉर्न वाजला. सगळा दस्त फोनवर वाचायचा म्हणजे बराच वेळ गेला असता, आणि खरं म्हणजे तृण-काष्ठ ऐकून मित्र माझ्यावर चिडला असता. संस्था आणि धंदा माझ्या नावावर होता, दोघांतर्फे सही मीच करत असे. मी केली. साक्षीदारांनी केल्या. आबा जीपमधून उतरून आले, सही करून म्हणाले, "झालं. आता तुमी मोकळे, आमी मोकळे."

संध्याकाळी मित्राला फोन करून सांगितलं, "झालं काम. दोनच दुरुस्त्या."

"वाचून दाखवणार होतास."

"अरे, सगळा दस्ताचा पाल्हाळ आहे. पुढच्या खेपेला घेऊन येतो."

पुढच्या खेपेला मी तो नेला नाही.

आणि त्या कागदाने काम चोख केलं, हीच तर पंचाईत. दोन दुरुस्त्या झाल्यावर मॅनेजर तिसरी घेऊन आले. बटणांचा आकार त्यांना पंपाच्या नोझलसारखा हवा होता. मी दस्त दाखवला. ते कुरकुरत आबांकडे गेले. आबांनी वाक्य वाचलं आणि म्हणाले, "लिव्हलंय ना दोन? मग संपलं. लिव्हल्याच्या भाईर जायाचं न्हाई." मॅनेजरांचं तोंड पाहून मला जो आनंद झाला, तो मी सांगलीपर्यंत जपून नेला. मित्राला म्हणालो, बघ, करार असा करावा.

तोवर त्याच्या हातात नवं काम आलं होतं. सांगलीकडच्या द्राक्षबागायतदारांच्या एका संस्थेला द्राक्षाच्या रोगांची सीडी हवी होती. केवडा कसा दिसतो, भुरी कशी दिसते, पान वरून कसं, खालून कसं. त्याने बागांमधून हिंडून फोटो काढले. आवाज पुन्हा आईचाच. प्रोग्रामही तोच. हे काम दरवर्षी नवं करून द्यायचं होतं, आणि त्याच्या बळावर त्याने पुण्याहून पुन्हा आलेलं बोलावणंही नाकारलं होतं. आईला त्याने सांगून टाकलं होतं की आता मी इथेच. त्याचं सांगलीत राहणं त्या सीडीवर टांगलेलं होतं, हे मला पक्कं माहीत होतं.

सांगलीच्या शेतीप्रदर्शनात संस्थेने तिचा नमुना लावला. आबाही पंप घेऊन तिथे होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा मला निरोप आला, भेटून जा.

मी गेलो तेव्हा दस्त त्यांच्या टेबलावर उघडून ठेवलेला होता. ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

"सांगलीत बघितलं म्या," ते म्हणाले. "तीच पानं उलटत्यात. तसंच अक्षर पिवळं हुतंय. बाईबी तीच. अन् त्यात फवारणी दावलीय ती दुसऱ्याच्या पंपानं. आमच्या हिरीचं पाणी दुसऱ्याच्या रानात कसं काय गेलं?"

मी समजावायला सुरुवात केली. ती दुपार मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. प्रत्येक उदाहरण माझ्याच अंगावर उलटत होतं. मी म्हणालो, शिंप्याने सदरा शिवून दिला म्हणजे शिलाई मशीन देत नाही. आबा म्हणाले, "मशीन लिवून दिली असती तर आनली असती की." मी म्हणालो, गवंडी घर बांधतो, थापी आपली परत नेतो. ते म्हणाले, "बरोबर. थापी कागदात न्हवती. हीर हाय."

"आबा, ते गमतीने म्हटलं होतं मी."

त्यांना खरोखर कळेना. "बाँडावर?" त्यांनी विचारलं. "बाँडावर गंमत केली तुमी?"

मॅनेजर पलीकडे बसून चष्मा पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचे कान हसत असल्यासारखे मला वाटले.

सांगलीची एसटी त्या दिवशी कराडच्या पुढे बंद पडली आणि मला मनातून बरं वाटलं. पण दुसरी आली. मित्राच्या घरी पोचलो तेव्हा तो द्राक्षाच्या पानाचा फोटो साफ करत होता. मी दस्त त्याच्यापुढे ठेवला. त्याने वाचला. पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर. जल, तरु, तृण. मग विहीर. तो तिथे थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला.

"हे तू वाचलं होतंस?"

"लिहीत होता तेव्हा ऐकलं."

"विहीर त्याने घातली की तू?"

"मी."

त्याने कागदाची घडी केली. "मला वाटलं होतं तुला कळलं नसेल," तो म्हणाला. "कळून केलंस तर मग काय बोलायचं राहिलं?"

"कळून नाही रे. थट्टेत."

"माझी दोन वर्षं आणि तुझी थट्टा. बरा सौदा आहे."

त्याची आई पाणी घेऊन आली. तिला काही ठाऊक नव्हतं. मला जेवून जा म्हणाली. मी जेवलो. भात नुसता चिवडत होतो आणि ती विचारत होती, आमटी तिखट झाली का.

दोन दिवसांनी आम्ही दोघे आबांकडे गेलो. आबांना या पोराबद्दल वाईट वाटत होतं, हे मला मान्य केलं पाहिजे. त्यांनी दस्तलेखकालाच बोलावून घेतलं होतं. दस्त परत फिरवायला ते तयार नव्हते. एकदा घेतलेलं रान सोडायचं नाही, हे त्यांच्या रक्तात होतं. पण भावाभावांत करतात तसं करू, म्हणाले. "हीर सामाईक करू. तू बी पी, आमी बी पितो."

दस्तलेखकाचा चेहरा उजळला. सामाईक विहीर हा त्याच्या हातचा विषय होता. "पाळी सांगा," तो म्हणाला.

"कसली पाळी?" मित्राने विचारलं.

"पाण्याची. पाळी लिहिल्याशिवाय सामाईक विहीर म्हणजे भांडणाचं मूळ. सोमवार, मंगळवार, बुधवार कंपनी. गुरुवार, शुक्रवार, शनिवार तुम्ही. रविवारी मोटार बंद."

मित्र माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणालो, प्रोग्राम एकाच वेळी हजार ठिकाणी चालू शकतो हो, त्याला पाळी कशाला. दस्तलेखक म्हणाला, असंच सगळे म्हणतात आणि मग माझ्याकडे येतात. मी आणखी बोलायला लागलो तर मित्र म्हणाला, "तू गप्प बस. तू बोललास की काहीतरी विकलं जातं." आणि त्याने सही केली.

तो कागद घेऊन तो द्राक्ष संस्थेकडे गेला. संस्थेच्या वकिलांनी तो पाहिला आणि परत दिला. आठवड्यातले तीन दिवस दुसऱ्याची असलेली वस्तू आम्ही दरवर्षी घ्यायची कशी, त्यांनी विचारलं. त्यात हसण्यासारखं त्यांना काही दिसलं नाही. संस्थेला सीडी छाटणीच्या आधी हवी होती. ती वेळ निघून गेली.

त्यानंतर एका गुरुवारी मित्र मला न कळवता साताऱ्याला आला. मी माझ्या टायपिंगच्या संस्थेत होतो. दारात उभं राहून म्हणाला, "चल. आबांना सांगून टाकतो, मी असली पाळीबिळी मानत नाही." रागाने त्याचे कान लाल झाले होते. रिक्षात तो बाहेरच बघत होता. फाटकावर पहारेकऱ्याने विचारलं, आज सीडी न्हाई का? नाही म्हटल्यावर तराजू उचलून बाजूला ठेवला.

शोरूममध्ये तीन-चार शेतकरी बसले होते. कोपऱ्यातला संगणक बंद होता आणि त्यावर एक धुतलेला टॉवेल चारी बाजूंनी नीट खोचलेला होता. मॅनेजर आम्हाला बघताच उठले. "तुमीच सांगा आता," ते म्हणाले. वैतागाने त्यांचा आवाज चिरकला होता. "दर गुरवारपास्नं शनवारपर्यंत आबा झाकून ठेवत्यात. गिऱ्हाईक सीडी बघायला येतंय अन् परत जातंय. सोमवारी या म्हणायचं. म्या सांगून सांगून दमलो, पाळी पाळतोय का ते कुणी तपासाय येतंय का? तर म्हणत्यात, तपासाय कशाला कोन पायजे."

आबा आतून आले. मित्राला बघून त्यांना आनंद झाला. टॉवेलकडे बोट करून म्हणाले, "बघ. तुझी पाळी हाय ना आज. आमी हात लावला न्हाई."

मित्र त्या टॉवेलकडे पाहत राहिला. रिक्षात त्याने जे काही मनात जुळवलं असेल ते त्याच्या तोंडावरून उतरताना मला दिसलं. या माणसाशी भांडायचं कुठून, हे कुणालाच कळलं नसतं. मी इतके दिवस आबांवर, मॅनेजरांवर, दस्तलेखकावर वैतागत आलो होतो. त्या टॉवेलापुढे वैतागायला माझ्याशिवाय कुणी उरलं नाही.

"आबा," मित्र म्हणाला, "मी दुसरी विहीर खणली तर तुमची हरकत आहे?"

"तुझ्या रानात?"

"माझ्या."

"मग माझी कशाची हरकत? खण की."

"मग तो टॉवेल काढा. सगळे दिवस तुम्हीच वापरा. मला या विहिरीचं पाणी नको."

पाण्याची पाळी कुणी आपणहून सोडल्याचं आबांनी बहुधा पाहिलं नव्हतं. "कुठं खणनार?" त्यांनी विचारलं.

"पुण्याला. नोकरी घेतोय. तिथून सुटलो की रात्री लिहीन."

"पुण्याला पानी लय खोल हाय गड्या," आबा म्हणाले. मग त्यांनी स्वतःच टॉवेल काढला, त्याची घडी केली आणि तो मॅनेजरांच्या हातात दिला. शेतकऱ्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या. पडदा उजळला आणि मित्राच्या आईचा आवाज बोलू लागला, एकेक शब्द पिवळा होत गेला. आम्ही बाहेर पडेपर्यंत तो ऐकू येत होता.

तो पुण्याला गेला. सांगलीच्या घरी आई एकटी राहिली. मी महिन्या दोन महिन्यांनी तिला भेटून यायचो. ती कधीच काही म्हणाली नाही. एकदा एवढंच विचारलं, "तो तुमच्यातला धंदा बंद का झाला रे?" मी म्हणालो, जमलं नाही. त्यापुढचं मी आज प्रथम लिहितो आहे.

नवा प्रोग्राम लिहायला त्याला पहिल्यापेक्षा जास्त वर्षं लागली, कारण दिवस दुसऱ्यांचे होते. तो पुरा झाल्यावर तो सांगलीला परतला. तोवर आईचा आवाज बसला होता, ध्वनिमुद्रणाला चालेनासा झाला होता. त्याने दुसऱ्या बाईंचा आवाज घेतला. भागीदारीचं त्याने काढलं नाही. मीही काढलं नाही.

मग एके सकाळी त्याचा फोन आला. एका कंपनीचा करार आला होता.

"तुला पोस्टाने पाठवलाय," तो म्हणाला. "मिळाला की फोन कर आणि वाचून दाखव."

"तू वाचला असशीलच की."

"वाचलाय. तू वाच."

माझ्या फोनला एसटीडी नव्हतं, मी बूथवर जाऊन वाचला. पहिल्या ओळीपासून, कंपनीच्या पत्त्यापासून. मध्ये एका लांबलचक कलमापाशी मी थोडा वेग घेतला, मागे लोक उभे होते.

"परत," तो म्हणाला. "त्या ओळीपासून."

तेव्हापासून त्याचा एकही करार माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय सही झालेला नाही. आता बूथ राहिले नाहीत, मी घरूनच वाचतो. चष्म्याचा नंबर वाढला आहे आणि करारही वाढले आहेत. कधी कधी त्यात इतकं हास्यास्पद काही असतं, की कुणीही हसेल. मी थांबतो. तोही पलीकडे थांबलेला असतो, त्याचा श्वास ऐकू येतो. मग तो म्हणतो, "हं. पुढे."

आणि मी पुढे वाचतो.